इंजिन गोठवण्याचा वाद, बंगळुरूतून पाहताना

३० ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यतीत एक पांढरी-केशरी-हिरवी गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. गाडीचा मालक बंगळुरूचा, कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला, इंजिन मर्सिडीजकडून विकत घेतलेलं आणि ड्रायव्हर जियानकार्लो फिसिकेला. तोवर या फोर्स इंडिया संघाच्या खात्यात एकही गुण जमा नव्हता. पहिल्याच फेरीत मागच्या गाड्यांचा अपघात झाला आणि सेफ्टी कार ट्रॅकवर आली. ती बाजूला होताच फेरारीच्या किमी रायकोनेनने चढावरच्या लांब सरळ रस्त्यावर फिसिकेलाला मागे टाकलं. त्यानंतर शेवटपर्यंत फिसिकेला त्याच्या मागे चिकटून राहिला आणि एका सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरा आला. त्याच्या वेगात कुठेही खोट नव्हती. अडला तो एकाच जागी.

दोन्ही गाड्यांची इंजिनं २.४ लिटरची, आठ सिलिंडरची होती आणि दोघांनाही मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा होती. मुख्य म्हणजे दोन्ही इंजिनं २००७पासून गोठवलेली होती. नियामक संस्थेकडे नमुना जमा करायचा आणि त्यात ताकद वाढवणारा कुठलाही बदल करायचा नाही, असा नियम होता. मग फरक कशाने पडला? रायकोनेनकडे केर्स होतं. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून ती फेरीमागे सुमारे साडेसहा सेकंद, ८० अश्वशक्तीच्या जोराने परत देणारी ही यंत्रणा त्या वर्षी नवी होती आणि ती गोठवलेली नव्हती. फोर्स इंडियाने त्या मोसमात ती बसवलीच नव्हती.

इंजिन गोठवण्यावर गेली वीस वर्षं जो वाद चालला आहे, त्याचं मर्म मला या एका ओव्हरटेकमध्ये दिसतं. इंजिन बंद केलं म्हणून स्पर्धा बंद होत नाही. जे दार उघडं असेल तिकडे ती वळते. शिवाय गोठवण्याच्या दिवशी कोण कुठे उभा आहे, त्यावर नफा-तोटा ठरतो. इंजिन विकत घेणाऱ्याला हा नियम वरदान ठरतो आणि बनवणाऱ्यांत जो त्या दिवशी मागे असतो त्याच्या गळ्याला फास लागतो. बंगळुरूने या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. आधी विजय मल्ल्यांच्या संघातून खरेदीदार म्हणून आणि अलीकडे कुश मैनी या तरुण ड्रायव्हरच्या निमित्ताने, हरणाऱ्या निर्मात्याच्या घरातून.

पहिली गोठवणी आली ती खर्चाच्या भीतीपोटी. मॅक्स मोझली तेव्हा एफआयए या नियामक संस्थेचे अध्यक्ष होते. २००५पर्यंत दहा सिलिंडरची तीन लिटर इंजिनं होती, २००६मध्ये आठ सिलिंडरची आली आणि पहिल्याच वर्षी कॉसवर्थचं इंजिन २०,००० फेऱ्यांच्या पुढे गेलं. दर शर्यतीला नवं पिस्टन, नवा धातू, नवं वंगण असा सगळा मामला होता. आठशेच्या जागी आठशेदहा अश्वशक्ती मिळवण्यासाठी शेकडो माणसं राबत होती आणि प्रेक्षकाला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. हे थांबवायला हवं, असं मोझलींचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं.

विरोधकांचं म्हणणंही सरळ होतं. मोटार कंपन्या शर्यतीत उतरतात त्या आपलं इंजिन दुसऱ्याहून सरस आहे हे दाखवायला. ते सुधारायचीच बंदी असेल तर त्यांनी तिथे कशासाठी राहायचं? डिसेंबर २००८मध्ये होंडा बाहेर पडली, २००९च्या अखेरीस बीएमडब्ल्यू आणि टोयोटा गेल्या. काही जाणकारांनी याचं खापर गोठवणीवर फोडलं. मला ते पटत नाही. २००८च्या मंदीत या कंपन्यांची विक्री कोसळली होती आणि संचालक मंडळांना कुठेतरी कात्री लावायचीच होती. गोठवलेल्या इंजिनामुळे राहण्याचं एक कारण कमी झालं, एवढंच फार तर म्हणता येईल.

त्याच काळात रेनोचं इंजिन इतरांहून कमी ताकदीचं आहे हे उघड झालं आणि २००९साठी त्यांना सुधारणेची खास मुभा मिळाली. पुढे हेच रेनो इंजिन लावून रेड बुलने २०१० ते २०१३ अशी सलग चार विजेतेपदं पटकावली. ताकदीत ते तेव्हाही पहिलं मानलं जात नव्हतं. त्याच्या अभियंत्यांनी हुशारी दाखवली ती वेगळ्याच ठिकाणी. ड्रायव्हरने पाय काढल्यावरही इंजिनातून धूर जोराने वाहत राहील अशी मांडणी त्यांनी केली. तो धूर गाडीच्या मागच्या तळाशी सोडला की हवेचा दाब गाडीला रस्त्याशी घट्ट धरून ठेवतो. इंजिनाचं लोखंड तसंच राहिलं, बदलल्या त्याच्या सवयी. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत भारतीय ग्रां प्रीच्या तिन्ही शर्यती सेबास्टियन फेटेलने जिंकल्या, त्या याच इंजिनावर. ग्रेटर नोएडाच्या स्टँडमध्ये बसून ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांनी गोठवलेल्या युगाची सर्वोत्तम गाडी पाहिली.

फोर्स इंडियाला या काळाने काय दिलं? डिसेंबर २००८च्या करारात ठरलं की २०१०पासून स्वतंत्र संघांना मोसमभराचं इंजिन पन्नास लाख युरोंहून कमी किमतीत मिळेल. इंजिन बदलतच नसेल तर पुरवणाऱ्याचा संशोधनावरचा खर्च आटतो आणि किंमत खाली येते. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. गोठवलेल्या काळात विकत घेणाऱ्याला जुना माल देता येत नाही, कारण नवा माल नसतोच. सिल्व्हरस्टोनच्या त्या लहान संघाला स्वतः मर्सिडीजच्या हाती असलेलंच इंजिन मिळत होतं. विठ्ठल मल्ल्या रोडवरच्या यूबी सिटीतून ज्या संघाचा पैसा हलायचा, त्या संघाला त्याहून जास्त काही नकोही होतं.

आपल्याकडच्या शर्यतींत हा विचार नवा नाही. फॉर्म्युला एलजीबीसारख्या वर्गात सगळ्यांना एकाच जातीचं, मारुती स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन असतं. तपासनीस इंजिनाच्या बोल्टांच्या डोक्यातल्या बारीक भोकांतून तार ओवतो, पीळ देतो, टोकाशी शिशाचा बिल्ला ठेवून पकडीने दाबतो. बिल्ल्यावर खूण उमटते. शर्यतीनंतर तो तार आधी बोटाने चाचपतो आणि मगच गाडीकडे पाहतो. तार सैल असेल, पीळ उलटा असेल तर मेकॅनिकचा चेहरा आधीच उतरलेला असतो. या मोहोरबंद इंजिनांमुळेच मध्यमवर्गीय घरातला मुलगा कोइमतूरच्या ट्रॅकवर एखाद्या कारखानदाराच्या मुलाशी बरोबरीने भिडू शकतो.

पण याच बंगळुरूत दुसरी परंपराही नांदते. जुन्या यामाहा आरएक्स १००चा सिलिंडर उघडून, पोर्टच्या कडा कानशीने घासून, एक्झॉस्टची लांबी बोटभर कमी-जास्त करून तीच गाडी वेगळी करून दाखवणारे मिस्त्री या शहराच्या गल्ल्यांत आहेत. त्यांना मोहोरबंद इंजिन दिलं तर त्यांची कला संपते. शिकाऊ वर्गात ड्रायव्हर पारखायचा असतो, म्हणून तिथे मोहोर हवी. सर्वोच्च वर्गात मिस्त्रीही पारखायचा असतो. फॉर्म्युला वनमध्ये संघांचंही विजेतेपद दिलं जातं ते त्यासाठीच. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘सगळ्यांना सारखं इंजिन द्या’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमत नाही.

२०१४मध्ये सगळं बदललं. १.६ लिटरची, सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं आणि त्यांना जोडलेल्या दोन विद्युत मोटारी आल्या. यातली एक एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालणारी होती. मर्सिडीजने टर्बोचे दोन भाग इंजिनाच्या दोन टोकांना बसवले आणि मध्ये लांब दांडा टाकला. एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाच्या हवेपासून दूर राहिली, जागा वाचली, ताकद वाढली. इतरांना ही मांडणी दिसली तेव्हा मोसम सुरू झाला होता आणि मोसमात बदलाची बंदी होती. त्या वर्षी १९पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. फोर्स इंडियाचा सर्जियो पेरेझ बाहरीनमध्ये तिसरा आला. स्पानंतर या संघाचा पहिलाच पोडियम. त्याच्या पुढे होत्या त्या दोन गाड्या, त्याच इंजिनाच्या निर्मात्याच्या.

पुढच्या वर्षी टोकनची पद्धत आली. इंजिनाचे ६६ हिस्से मानले आणि २०१५साठी निर्मात्याला ३२ हिश्श्यांइतके बदल करायला परवानगी दिली. हा मधला मार्ग कागदावर शहाणपणाचा दिसत होता. प्रत्यक्षात नमुना कोणत्या तारखेपर्यंत जमा करायचा हे नियमात लिहायचंच राहिलं. फेरारीने ते बरोबर हेरलं आणि मोसमाच्या मध्यातही टोकन वापरायची मुभा मिळवली. नव्याने आलेल्या होंडाला मग इतरांच्या उरलेल्या टोकनांची सरासरी म्हणून ९ टोकनं देण्यात आली. होंडाचं इंजिन तेव्हा इतकं दुबळं होतं की फर्नांडो अलोन्सोने सुझुकाला, होंडाच्या घरच्या मैदानावर, रेडिओवरून आपल्या इंजिनाची तुलना खालच्या वर्गाच्या इंजिनाशी केली. मागे असलेल्याला मोजून-मापून औषध देणारी ही पद्धत २०१७साठी रद्द झाली, आणि ती रद्द झाल्यावरच होंडा सावरली. गोठवणीच्या बाजूने बोलणाऱ्यांना या घटनेचं उत्तर द्यावं लागतं.

अर्थात मोकळीक मिळाली तेव्हा बिलही आलं. या हायब्रिड इंजिनांसाठी खरेदीदार संघांना वर्षाला दोन कोटी युरोंच्या आसपास मोजावे लागत असल्याचं तेव्हा सर्रास छापून येत होतं. फोर्स इंडियाने २०१५मध्ये झाऊबरला सोबत घेऊन उत्पन्नाच्या वाटपाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, ती या कोंडीतूनच. तरी या संघाने २०१६ आणि २०१७मध्ये चौथा क्रमांक मिळवला. जुलै २०१८मध्ये तो प्रशासकाच्या हाती गेला तेव्हा सुमारे ४०० माणसांचे पगार टांगणीला लागले होते. त्या पतनाला मालकाच्या बाकीच्या धंद्यांतली पडझड मुख्यतः कारणीभूत होती, एकट्या इंजिनाच्या किमतीला दोष देता येणार नाही. पण ज्या संघाला दरवर्षी इंजिनाचंच बिल सगळ्यांत आधी आठवतं, तो संघ गोठवणीला हात वर करणार, हे समजून घ्यायला हवं.

तिसऱ्या गोठवणीची कथा वेगळी आहे आणि मला ती सर्वांत अस्वस्थ करते. २ ऑक्टोबर २०२० रोजी होंडाने २०२१अखेर बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. रेड बुलकडे इंजिन उरलं नाही. होंडाचं इंजिन स्वतः चालवायची त्यांची तयारी होती, पण ते पुढे विकसित करायची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी गोठवणीची मागणी लावून धरली. ती नसेल तर आमचं राहणं कठीण, असं सूचितही केलं. हाच रेड बुल संघ २०१५च्या पहिल्या शर्यतीनंतर मर्सिडीजचं वर्चस्व मोडायला इंजिनं सारखी करा म्हणत होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी एफ-वन आयोगात एकमताने ठराव झाला. २०२२च्या मार्चपासून इंजिन, टर्बो, इंधन आणि वंगण बंद. सप्टेंबरपासून बॅटरी आणि विद्युत भागही बंद. ही बंदी २०२५अखेरपर्यंत टिकली. मागे पडलेल्याला वर आणण्याचं कलम चर्चेत आलं होतं, ते अंतिम ठरावात राहिलं नाही. माझ्या मते चूक झाली ती इथे.

आता या चार वर्षांत मागे अडकलं कोण? रेनो, म्हणजे अल्पीन. पॅरिसजवळच्या व्हिरी-शातियों इथला त्यांचा इंजिन कारखाना बराच जुना. १९७७मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला तो यांनीच. निर्मात्यांची १२ विजेतेपदं या कारखान्याच्या इंजिनांवर मिळाली आहेत. पण मॅक्लारेन २०२१मध्ये मर्सिडीजकडे गेल्यावर रेनोचं इंजिन वापरणारा दुसरा संघ उरला नाही. मर्सिडीजला आठ गाड्यांचा अनुभव मिळत होता, रेनोला दोन. त्या दोन गाड्यांवर त्यांनी २०२२च्या मुदतीपूर्वी नवं इंजिन उभं केलं आणि ते कमी पडलं. २०२३मध्ये ही तूट २० ते ३० अश्वशक्तीची असल्याचं सांगितलं जात होतं. त्या जुलैमध्ये आयोगापुढे विषय आला, चर्चा झाली, हाती काही लागलं नाही.

नियमात एक फट होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. टिकाऊपणासाठी बदल करता येत होता. एखादा भाग मोडत असेल तर एफआयएकडे अर्ज करायचा आणि मजबूत भाग बसवायचा. आता मजबूत पिस्टन बसला की तेच इंजिन जास्त दाबाने, जास्त तापवून चालवता येतं. म्हणजे टिकाऊपणातून ताकद निघते. फेरारीने २०२२मध्ये नाजूक पण जोरकस इंजिन गोठवलं आणि त्याची किंमत मोजली. स्पेन आणि बाकूत आघाडीवर असलेल्या शार्ल लेक्लेरचं इंजिन गेलं, ऑस्ट्रियात कार्लोस साइन्झची गाडी चढावर पेटली आणि तो बाहेर पडायला धडपडत असताना मागे घरंगळू लागली. नियम असा असावा का, की ज्यात मुद्दाम मोडणारं यंत्र जमा करणं हा शहाणपणा ठरावा?

अल्पीनच्या या घरात बंगळुरूचा कुश मैनी होता. २०२३च्या अखेरीस तो त्यांच्या अकादमीत गेला आणि २०२५साठी त्यांचा राखीव ड्रायव्हर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने मोनॅकोला फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली. तिथे या वर्गात जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याआधीच, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, रेनोने जाहीर केलं होतं की व्हिरीमध्ये फॉर्म्युला वनचं इंजिन २०२५नंतर बनणार नाही; २०२६पासून मर्सिडीजकडून इंजिन घ्यायचं, हे नोव्हेंबरात जाहीर झालं. कामगारांनी आंदोलन केलं, निर्णय बदलला नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये साओ पाउलोच्या मुसळधार पावसात अल्पीनच्या दोन्ही गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. ओल्या रस्त्यावर पूर्ण ताकद लावताच येत नाही, त्यामुळे २०-३० अश्वशक्तीची तूट झाकली जाते. २०२५मध्ये मात्र तोच संघ शेवटच्या जागी होता.

कुश बंगळुरूचा आहे म्हणून मला हळहळ वाटते असं नाही. पन्नासेक वर्षं इंजिन बनवणारा कारखाना बंद होण्यामागे कंपनीचे हिशेब, व्यवस्थापनाचे घोळ असं बरंच काही असतं. पण चार वर्षं सुधारण्याची बंदी असलेल्या विभागावर पैसा का खर्च करायचा, हा प्रश्न संचालकांपुढे गोठवणीनेच ठेवला.

कुशचा मोठा भाऊ अर्जुन २०२१पासून जर्मनीच्या डीटीएम मालिकेत गाडी चालवतो. तिथे तिसराच न्याय आहे. गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण वजन आणि ताकद आयोजक ठरवतात. जो वेगवान त्याला ओझं. शर्यती चुरशीच्या होतात यात शंका नाही. मात्र जिंकणाऱ्यावर वजन लादणारी पद्धत फॉर्म्युला वनला लावावी, असं मला वाटत नाही. तिथे मागच्याला मदत करावी, पुढच्याचे पाय बांधू नयेत.

मोटोजीपीने २०२३च्या नोव्हेंबरात हेच केलं. बुद्ध सर्किटवर सप्टेंबरमध्ये मार्को बेझेकी जिंकला तेव्हा २२पैकी ८ मोटरसायकली डुकाटीच्या होत्या आणि होंडा, यामाहा तळाला होत्या. मग निर्मात्यांना मिळालेल्या गुणांच्या टक्केवारीवर चार गट पाडले. खालच्या गटाला जास्त चाचण्या, जास्त इंजिनं आणि मोसमातही बदलाची मोकळीक. कोण कुठल्या गटात हे गुणतक्त्यावरून कोणालाही तपासता येतं, ही त्यातली उजवी बाजू.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण महिंद्राचं. फॉर्म्युला ई सुरू झाल्यापासून हा संघ तिथे आहे. तिथे मोटार आणि गिअरबॉक्सचा नमुना दोन मोसमांसाठी बंद होतो. २०२३मध्ये नव्या पिढीची गाडी आली, महिंद्राची मांडणी फसली, केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनमुळे माघार घ्यावी लागली आणि दोन वर्षं संघ तळाजवळ रेंगाळला. पुढच्या नमुन्याची मुदत आली तेव्हा त्यांनी नव्याने काम केलं आणि २०२४-२५मध्ये चौथा क्रमांक घेतला. दोन वर्षांची बंदी सोसवते, कारण तिच्या पलीकडची तारीख दिसत असते. चार वर्षांची बंदी सोसताना रेनोचा धीर सुटला.

गोठवणीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मॅक्लारेन आहे. २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं संघांचं विजेतेपद त्यांनी घेतलं, विकतच्या मर्सिडीज इंजिनावर, स्वतः मर्सिडीजला मागे टाकून. फोर्स इंडियाने स्पाला ज्याची चुणूक दाखवली ते इथे पूर्ण झालं. इंजिन हा विषय मिटला की चांगली गाडी बनवणारा जिंकतो. हे मी नाकारत नाही. म्हणूनच गोठवणी मुळातून चूक असं म्हणणं मला जमत नाही.

२०२६च्या नियमांत अखेर मागच्यासाठी शिडी ठेवली आहे. ताकदीचा जवळपास अर्धा वाटा विजेचा, उष्णतेवरची मोटार काढून टाकलेली, इंधन पूर्णपणे शाश्वत आणि निर्माते पाच. इंजिनाचा नमुना बंद होतो, पण मोसमात ठरावीक टप्प्यांवर प्रत्येकाच्या इंजिनाची ताकद मोजली जाते. सर्वोत्तमाहून दोन ते चार टक्के मागे असलेल्याला एक सुधारणा, चार टक्क्यांहून जास्त मागे असलेल्याला दोन. वर खर्चाची कमाल मर्यादाही आहे. मी रेनोचा जुना हिशेब या मोजपट्टीवर मांडून पाहिला. विद्युत मोटार वगळता जुनं इंजिन सुमारे ८४० अश्वशक्तीचं धरलं तर २० ते ३०ची तूट अडीच ते साडेतीन टक्के भरते. म्हणजे हाच नियम २०२२मध्ये असता तर व्हिरीला एक सुधारणा हक्काने मिळाली असती.

उरतो तो मोजणीचा प्रश्न. मोसम सुरू होण्याआधीच सिलिंडरमधल्या दाबाच्या गुणोत्तराचं माप थंड इंजिनावर घ्यायचं की तापलेल्या, यावर निर्माते एकमेकांवर तुटून पडले, यावरून अंदाज यावा. एफआयए कोणाचं इंजिन किती टक्के मागे आहे हे ठरवणार असेल, तर ते आकडे आणि मोजण्याची रीत दोन्ही दर टप्प्याला प्रसिद्ध व्हायला हवेत. मोटोजीपीचा गुणतक्ता सगळ्यांसमोर असतो. फॉर्म्युला वनचे ताकदीचे तक्ते आजवर गळतीतून बाहेर आले आहेत. २०२३मध्ये रेनोच्या तुटीचा अधिकृत आकडा टेबलावर असता, तर आयोगाला तो विषय नुसत्या चर्चेवर सोडून देणं अवघड गेलं असतं.